आधी चाकं, मग वाघीण

प्रश्न थोडक्यात असा: “काका, सहकारनगरला आमचा जुना बंगला आहे. पुढच्या अंगणात साधारण १८ बाय १२ फूट जागेत छोट्या मॉडेल आगगाडीचे ४५ मि.मी. गेजचे, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेले, रूळ टाकलेत. वळणं तयार मिळतात ती, ६०० मि.मी. त्रिज्येची. इंजिन बॅटरीवर चालतं. बाबा मूळचे बार्शीचे. त्यांना बार्शी लाइटची, म्हणजे तिकडच्या जुन्या नॅरोगेज रेल्वेची, मालगाडी पुन्हा बघायची आहे. मी एमडीएफच्या दोन वाघिणी, म्हणजे मालडबे, केल्या. एक पावसात फुगली. दुसरी प्रत्येक वळणावर रुळावरून उतरते. पुढच्या सहा वाघिणी कशा करू? प्रमाण कोणतं घेऊ, साहित्य कोणतं?”

ताई, तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द ‘प्रत्येक’ हा आहे. गाडी एकाच जागी उतरत असेल तर दोष रुळाचा. एकच वाघीण प्रत्येक वळणावर उतरत असेल तर दोष त्या वाघिणीचा, आणि तोही बहुतेक वेळा तळाच्या फळीच्या खाली, जिथे आपण सगळ्यात कमी वेळ देतो. मी पंचवीस वर्षं अंगणातल्या गाड्या बांधतोय. पहिल्या तीन वाघिणी मीही वरून खाली बांधल्या होत्या. आधी सुबक पेटी, दारं, बिजागऱ्या, रंग, अक्षरं, आणि सगळं झाल्यावर खाली चाकं. दिसायला त्या अजूनही सुरेख आहेत, पण कपाटातच असतात. ज्या वाघिणी रोज धावतात त्या सगळ्या चाकांपासून वर बांधलेल्या आहेत. म्हणून तुम्हालाही त्याच क्रमाने सांगतो. फक्त प्रमाणाचं आधी मिटवू, कारण त्यावर पुढची सगळी मापं अवलंबून आहेत.

बार्शी लाइट अडीच फुटी गेजची, म्हणजे ७६२ मि.मी. माथेरानची गाडी दोन फुटी, ६१० मि.मी. दोन्हींना आपण नॅरोगेजच म्हणतो, पण मॉडेल करताना हा सहा इंचांचा फरक फार पुढे येतो. तुमचा ४५ मि.मी.चा रूळ एकच, पण त्यावर जगभर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या धावतात. जर्मनीच्या एलजीबी या मॉडेल गाड्यांच्या कंपनीने १९६८ मध्ये ज्या गाड्या बाजारात आणल्या त्या १:२२.५ प्रमाणाच्या, कारण मीटरगेजला साडेबावीसने भागलं की ४५च्या जवळ येतं. अडीच फूट नेमके ४५ मि.मी.मध्ये बसवायचे तर खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये १८ मि.मी. घ्यावे लागतात, साधारण १:१७. गणित बरोबर, पण मग वाघिणी तयार इंजिनापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या होतात आणि इंजिन खेळण्यासारखं दिसायला लागतं. ब्रिटनमधल्या बागरेल्वेवाल्यांत फुटाला १६ मि.मी. हे माप रूढ आहे, म्हणजे १:१९. त्यात दोन फुटी गेज बरोबर ३२ मि.मी. होतं आणि अडीच फुटी बरोबर ४०.

माझं मत विचाराल तर १६ मि.मी. घ्या. रूळ पाच मि.मी. रुंद पडतील. ते वाघिणीच्या पोटाखाली असतं आणि बाजूने बघणाऱ्याला दिसत नाही. उलट मापं काढणं इतकं सोपं होतं की कॅल्क्युलेटर लागत नाही. तीन इंच म्हणजे चार मि.मी. सहा इंची फळी म्हणजे आठ मि.मी. बार्शीच्या माल-वाघिणींचा सांगाडा २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद होता, म्हणजे तुमच्याकडे ४०० बाय ११२ मि.मी. मात्र करवत उचलण्याआधी इंजिनाजवळ एक परीक्षा करा. पुठ्ठ्याचा एक माणूस कापा, ८८ मि.मी. उंच. १:१९ प्रमाणात तो साडेपाच फुटी झाला. तो इंजिनाच्या दारातून आत जाऊ शकत असेल तर १६ मि.मी. पक्कं. दार त्याच्या खांद्याला येत असेल तर तुमचं इंजिन १:२२.५चं आहे. मग वाघीणही त्याच प्रमाणात करा, ३३९ बाय ९५ मि.मी. गेजच्या चुकीपेक्षा इंजिन आणि वाघीण यांचा मेळ डोळ्याला जास्त खुपतो. पुढची मापं मी ४०० मि.मी.च्या वाघिणीची देतोय.

आता बार्शी लाइटबद्दल दोन शब्द. ते बाबांना आवडतील म्हणून सांगतोय, आणि तुमच्या उतरणाऱ्या वाघिणीचं उत्तरही त्यातच आहे. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी २१ मैलांची लाइन सुरू झाली. पुढे ती लातूर आणि पंढरपूरकडे वाढली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली आणि सव्वातीनशे किलोमीटरची झाली. ती बांधणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा आग्रह एकच होता. इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही अॅक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, आणि तो भार सगळ्या अॅक्सलवर सारखा वाटायचा. त्यामुळे यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे हलके रूळ चालले. चार अॅक्सलची वाघीण भरून वीस टनांपर्यंत जाऊ शकत होती. माल-वाघिणींना एकच सामाईक सांगाडा, तोही दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, म्हणजे हलका. वर हवी ती पेटी बसवा, उंच कडांची, बुटक्या कडांची किंवा बंद. ही सगळी सामग्री इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून तपासली होती.

तुम्ही त्याच्याकडून नेमक्या दोन गोष्टी उचला: सहाही वाघिणींना एकच सांगाडा, आणि प्रत्येक चाकावर सारखा भार. तुमची वाघीण उतरते ती दुसरी गोष्ट नाही म्हणून.

चाकांपासून सुरुवात करू. बाहेरून मागवलेली चाकं उत्तम असतात, पण सहा वाघिणींना ४८ चाकं आणि २४ अॅक्सल लागतात, आणि त्यावरची कस्टम ड्यूटी मनाला लागते. पुण्यात राहून ते करायची गरज नाही. भोसरी, पर्वती, हडपसर, नऱ्हे, कुठेही छोट्या लेथवर जॉब वर्क करणारे टर्नर आहेत. एक नियम पाळा. चार-चार चाकं करायला देऊ नका, एकदम पन्नास द्या. टर्नरचा वेळ हत्यार लावण्यात जातो, एकदा लावलं की चाकं पटापट निघतात आणि सगळी सारखी निघतात. साधा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी गज, चालतो. कागदावर हाताने काढलेलं चित्रही चालतं, पण त्यावर चार गोष्टी ठळक लिहा. व्यास २८ मि.मी. रुळावर टेकणारी पट्टी ६ मि.मी. रुंद आणि बाहेरच्या बाजूला तीन अंश उतरती. हा उतार खऱ्या गाडीतही असतो, वीसास एक. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकते तेव्हा बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर आणि आतलं लहान व्यासावर चालतं, त्यामुळे जोडी आपोआप वळते. तिसरी गोष्ट फ्लँज, म्हणजे चाकाची आतल्या बाजूची उंच कड, अडीच मि.मी. उंच. आणि चौथी, जी टर्नर हटकून विसरतो: फ्लँज आणि पट्टी जिथे मिळतात तिथला कोपरा धारदार नको, हलका गोल हवा. धारदार कोपरा रुळाच्या कडेला घासतो आणि चाक वर चढतं.

चाकं अॅक्सलवर बसवताना दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर ४० मि.मी. हवं. हे माप तुमच्या सगळ्या गाड्यांत सगळ्यात महत्त्वाचं आहे. पितळी पट्टीचा नेमका ४० मि.मी.चा तुकडा कानशीने घासून करून घ्या आणि चाकं बसवताना मध्ये धरा. बसवल्यावर चाक फिरवत तीन ठिकाणी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पकड, लावा. तीन ठिकाणी तीन मापं आली तर चाक अॅक्सलवर तिरकं बसलंय आणि ती जोडी डुलत चालणार. तुमच्या त्या उतरणाऱ्या वाघिणीचं हे माप आजच घ्या. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या वाघिणींपैकी निम्म्या इथेच बऱ्या झाल्या.

आणखी एक. तुमचं इंजिन बॅटरीवर आहे म्हणून आज फरक पडत नाही, पण प्रत्येक जोडीतलं एक चाक नायलॉनच्या किंवा डेलरीनच्या बुशवर बसवून घ्या. उद्या कुणी रुळातून वीज घेणारं इंजिन आणलं तर पोलादी अॅक्सल दोन्ही रूळ जोडून शॉर्ट करेल. लेथवर असतानाच हे करून घेणं सोपं पडतं.

आता बोगी. आपल्याकडे बोगी म्हटलं की लोकांना अख्खा डबा डोळ्यांसमोर येतो. इथे बोगी म्हणजे डब्याच्या दोन टोकांखाली असलेली चार चाकांची फिरती गाडी. माझ्या बोगीत दोन अॅक्सलमधलं अंतर ७० मि.मी. असतं. बाजूच्या पट्ट्या तीन मि.मी. जाड पितळेच्या, त्यांत पितळी बुश, म्हणजे अॅक्सल ज्यात फिरतो ती छोटी नळी. पितळाच्या पट्ट्या रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास सहज मिळतात. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जायची तयारी असेल तर मोडीत निघालेल्या यंत्रांचे सुंदर तुकडे वजनावर मिळतात. माझ्या पहिल्या बाराही बोग्यांचं पितळ तिथलंच.

दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना भोकं पाडताना त्या एकावर एक घट्ट बांधून एकदमच पाडा. वेगवेगळी पाडली तर अर्ध्या मि.मी.चा फरक येतो, अॅक्सल काटकोनात राहत नाहीत आणि बोगी सतत एका बाजूला ओढते. अॅक्सल ४ मि.मी.चा असेल तर बुशचं भोक ४.२ ठेवा आणि अॅक्सलला आडव्या दिशेने अर्धा मि.मी. हलायला जागा द्या. नवीन माणसाला हा ढिलेपणा खटकतो. घट्ट असलं म्हणजे चांगलं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण पुण्याची धूळ आणि मुरमाची भुकटी घट्ट बुशमध्ये शिरली की दोन दिवसांत चाक जाम होतं. ढिल्या बुशमधून ती बाहेर पडते.

बोगी झाली की पेटीचा विचार न करता ती एकटी चालवा. सहा फुटांची सरळ फळी घ्या, एक टोक दीड इंच उचला, वर रुळाचा तुकडा ठेवा. हा साधारण पन्नासास एक उतार झाला. बोगी हात न लावता सुटली पाहिजे आणि खाली येईपर्यंत थांबता कामा नये. थांबली तर अजून बोगीच करायची आहे, पेटी नाही.

आणि आता ज्यासाठी हे एवढं लांबण लावलं ते. आपल्या अंगणातला रूळ सपाट नसतो. पावसाळ्यात माती बसते, मुंग्या खालून पोखरतात, काळी माती असेल तर ती फुगते आणि आक्रसते. त्यामुळे डावा रूळ वर, उजवा खाली, आणि पुढे एका फुटावर नेमकं उलटं, असा पीळ रुळात येतो. चार पायांचं स्टूल ओबडधोबड फरशीवर डुगडुगतं, तसं ताठ वाघिणीचं एक चाक अशा पिळात अधांतरी राहतं. ते वळणावरचं बाहेरचं पुढचं चाक असेल तर संपलं, गाडी उतरली. पण तिपाई कधीच डुगडुगत नाही. म्हणून वाघीण तीन पायांवर उभी करायची.

बोगीच्या वाघिणीत हे अगदी सोपं आहे. एका बोगीवर सांगाडा मधल्या एकाच बिंदूवर टेकवा. बोल्टाभोवती गोल माथ्याचा वायसर ठेवा, म्हणजे ती बोगी सगळ्या दिशांना कलू शकेल. दुसऱ्या बोगीवर मधल्या बोल्टाच्या डाव्या-उजव्या बाजूला २० मि.मी.वर दोन छोटी पितळी बटणं लावा आणि सांगाडा त्या दोन बटणांवर टेकवा. ही बोगी वळू शकते, पुढे-मागे झुकू शकते, पण आडवी कलत नाही. एक बिंदू आणि दोन बटणं, झाले तीन पाय. वरची वाघीण सरळ उभी राहते आणि आठही चाकं रूळ सोडत नाहीत. बोल्टाचा नट कधीही पूर्ण आवळू नका. दोन नट एकमेकांवर आवळा आणि खाली एक मि.मी. जागा सोडा.

तुमची एमडीएफची वाघीण चार चाकांची आणि ताठ असणार, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर एक अॅक्सल तसाच राहू द्या आणि दुसऱ्या अॅक्सलची चौकट मधोमध वाघिणीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या एका खिळीवर झुलती करा, म्हणजे तो डावीकडे-उजवीकडे कलेल. एका संध्याकाळचं काम आहे.

वजनाला मी प्लॅटफॉर्मवरचा तराजू वापरत नाही, स्वयंपाकघरातला वापरतो. वाघिणीची एक बोगी डिजिटल काट्यावर ठेवा आणि दुसरी तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. आकडा बघा. मग वाघीण फिरवून दुसरी बोगी काट्यावर घ्या. दोन आकड्यांत दहा-वीस ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. असेल तर हलक्या टोकाकडे फळीच्या खाली पोलादी पट्टीचा तुकडा चिकटवा. हाच कॅलथ्रॉपचा सारखा भार, काट्यावर उतरवलेला. ४०० मि.मी.ची रिकामी वाघीण मी ७०० ते ९०० ग्रॅमच्या मध्ये ठेवतो, आणि एका गाडीतल्या सगळ्या वाघिणी शक्य तितक्या एकाच वजनाच्या. हलकी वाघीण दोन जड वाघिणींच्या मध्ये आली की वळणावर ताणलेल्या दोरीसारखी गाडी आतल्या बाजूला ओढली जाते आणि ती हलकीच आडवी होते. वजनासाठी शिसं वापरू नका, घरात लहान मुलं येतात. आणि वजन नेहमी फळीच्या खाली ठेवा, पेटीत कधीच नाही.

आता तुमच्या ६०० मि.मी. त्रिज्येच्या वळणाबद्दल स्पष्ट बोलतो. ४०० मि.मी.च्या वाघिणीत बोग्यांच्या मधल्या बोल्टांमध्ये मी २७० मि.मी. अंतर ठेवतो. तुमच्या वळणावर या वाघिणीचं पोट १५ मि.मी. आत येईल आणि टोकं १८ मि.मी. बाहेर जातील. वळणाजवळ फलाट, सिग्नल, कुंडी काही असेल तर आधी हलवा. बोगीला प्रत्येक बाजूला १३ अंश वळता आलं पाहिजे. चाकं तेव्हा आठेक मि.मी. आडवी सरकतात, म्हणून सांगाड्याचे बाजूचे लांब गज आणि खालचे ताण-गज चाकांच्या वाटेत येत नाहीत ना, ते चिकटवण्याआधी बोगी हाताने फिरवून बघा. चाकाचा माथा आणि फळीची पाठ यांत तीन मि.मी. मोकळे ठेवा. वाघीण ‘चालते पण वळणावर अडखळते’ त्याचं कारण नेहमी इथेच सापडतं.

टोकं १८ मि.मी. बाहेर जातात याचा दुसरा परिणाम कपलिंगवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यावर, होतो. लांब वाघिणीचं टोक बाहेर, शेजारच्या आखूड इंजिनाचं टोक जवळजवळ रुळाच्या मध्यावर. ताठ कपलिंग असेल तर इंजिन वाघिणीला खेचत नाही, उपटून काढतं. तुमच्या त्रिज्येला मी कपलिंग बोगीलाच जोडेन. त्याची एक किंमत आहे. मागून ढकलताना जोर थेट बोगीवर येतो आणि हलकी बोगी तिरकी होते, म्हणून सहा वाघिणी मागे ढकलायच्या झाल्या तर अगदी सावकाश. वळण मोठं असतं तर सांगाड्याला जोडलेलं, आडवं झुलणारं कपलिंग कधीही चांगलं, आणि दिसायलाही खरं, कारण नॅरोगेजला मधोमध एकच बफर असतो आणि त्यातच आकडा. कुठलंही घ्या, पण रुळाच्या माथ्यापासून सगळ्या वाघिणींची उंची एकच हवी. पत्र्याचा एक माप-तुकडा कापून ठेवा आणि प्रत्येक वाघीण त्याला लावून बघा.

खरं सांगायचं तर तुमच्या १२ फुटी रुंदीत १२०० मि.मी. त्रिज्येचं वळण बसतं. व्यास आठ फुटांहून थोडा कमी होतो. दिवाळीनंतर जमीन वाळली की रूळ उचलून ते करा. खाली चार इंच मुरूम धुमसून घाला, वर बारीक खडीचा थर. वर दिलेले १५ आणि १८ मि.मी. मग निम्मे होतील आणि लांब वाघिणींची गाडी वळताना डौलदार दिसेल. इतकी लांब वाघीण लहान वळणावर चालते, पण शोभत नाही.

पेटीबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंत आणि मी सगळ्यात शेवटी येतोय, कारण इथे चूक परवडते. एमडीएफ बाहेरच्या कामासाठी पूर्ण सोडा. तो दाबलेला भुसा आहे, पाणी मिळालं की फुगणारच. मी सागवान वापरतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा ओळखीच्या सुताराकडे सागाच्या छाटण पट्ट्या पडलेल्या असतात. त्या तीन मि.मी. जाड चिरून आठ मि.मी. रुंद कापल्या की सहा इंची फळ्या तयार. घाई असेल तर आइस्क्रीमच्या काड्या बऱ्या, त्या साधारण दहा मि.मी. रुंद असतात. फळ्या एकमेकींना अगदी खेटून लावू नका, कागदाच्या जाडीइतकी फट ठेवा. पावसात लाकूड आडवं वाढतं. फट नसेल तर पेटीच्या भिंतीला पोट येतं. चिकटवायला साधा पांढरा गोंद नको, ओलाव्याने सुटतो. मरीन दर्जाचा गोंद किंवा अरलडाइट घ्या, आणि कोपऱ्यांत गोंदावर विसंबू नका, बारीक पितळी स्क्रू घाला. उघड्या वाघिणीच्या तळाला चार कोपऱ्यांत दोन मि.मी.ची भोकं पाडा. नाहीतर पहिल्याच वळवाच्या सरीत तिचा हौद होतो.

प्लास्टिक हवं असेल तर एबीएसची शीट छान. थ्री-डी प्रिंट करून घेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की नेहमीचं पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिलच्या दुपारी गडद रंगाची वाघीण उन्हात ठेवली तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. माझ्या एका बंद वाघिणीचं छप्पर असंच पन्हाळीसारखं झालं. पीईटीजी त्याहून बरं, एएसए आणखी बरं. प्लास्टिकचा आणखी एक स्वभाव: ४०० मि.मी.ची पेटी थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत एक मि.मी.हून जास्त लांबते. खालचा पितळी सांगाडा त्या मानाने फारच कमी वाढतो. दोन्ही टोकांना स्क्रू घट्ट केले तर पेटी वाकते. एका टोकाला गोल भोक, दुसऱ्या टोकाला लांबट, आणि प्रश्न मिटला.

रंगाबद्दल थोडकं. पितळेला आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकड घेणारा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. लाकडाला पातळ प्रायमरचा हात आतून-बाहेरून दोन्हीकडे, एकच बाजू रंगवली तर फळी वळते. वरून मॅट तपकिरी-तांबडा. चकचकीत रंग लावलेली मालगाडी खोटी दिसते.

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम तुम्ही पाहिलं असेलच. नसेल तर बाबांना घेऊन जा. तिथलं काम १:८७ प्रमाणाचं आणि घराच्या आतलं आहे, त्यामुळे साहित्याचे नियम तुमच्या उपयोगाचे नाहीत, पण दृश्य कसं रचतात ते शिकण्यासारखं आहे. आम्ही पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून मोठे झालो. पुण्याला छोट्या गाड्यांची ओढ जुनी आहे.

सहापैकी पहिली वाघीण बुटक्या कडांची करा. तीत झाकण्यासारखं काही नसतं, चुका लगेच दिसतात, आणि मालही दिसतो. माल म्हणून पोती करा. जुन्या मलमलीच्या साडीचे तुकडे चहाच्या पाण्यात उकळले की तागाचा रंग येतो. २५ बाय ४० मि.मी.ची पिशवी शिवा आणि आत धुतलेली वाळू भरा. धान्य भरू नका, मी एकदा ज्वारी भरली होती, एका रात्रीत मुंग्यांची रांग लागली. बाबांना विचारा, वाघिणीत पोती कशी रचायचे, आडवी की उभी, वर ताडपत्री कशी बांधायचे. ज्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय त्यांना हे बारकावे आठवतात, आणि ते कुठल्या नकाशात नसतात.

ही पहिली वाघीण पूर्ण करून, पोत्यांसकट, शंभर फेऱ्या चालवा. सरळ, उलटी, इंजिनाच्या मागे, इंजिनाच्या पुढे. कुठे उतरली तर जागा खडूने खूण करा आणि वाघीण उलटी फिरवून त्याच जागेवरून न्या. तरी उतरली तर रूळ बघा, नाही उतरली तर पहिल्या टोकाची बोगी बघा. त्यानंतरच उरलेल्या पाचांचं साहित्य कापा. पावसाळ्यात वाघिणी रात्री घरात घ्या. पोलादी चाकांना शिलाई मशिनच्या तेलाचं बोट फिरवा, बुशमध्ये एकेक थेंब सोडा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी जोडण्याआधी चाकांची टेकणारी पट्टी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. नाहीतर ते तेल रुळांवर उतरतं आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहतं.